बोलक्या इंग्रजीतील वर्णविकार : आदेश की आच्छादन?

इंग्रजी ध्वनिविचारावरील बहुतेक पाठ्यपुस्तकांत शेवटाकडे एक प्रकरण असते. आधीच्या प्रकरणांत एकेका वर्णाचे स्थान, प्रयत्न, घोष यांचे काटेकोर वर्णन झालेले असते. या प्रकरणात ती सारी व्यवस्था ढिली होते. वाक्याच्या ओघात 'टेन पेन्स'चे 'टेम् पेन्स' होते, 'गुड गर्ल'चे 'गुग् गर्ल', 'लास्ट वीक'चे 'लास् वीक', 'डिड यू'चे 'डिजू' होते, असे विद्यार्थ्यास सांगण्यात येते. उदाहरणांची यादी पाठ होते आणि परीक्षेत ती उतरवलीही जाते. परंतु या सर्व विधानांतील 'होते' या क्रियापदाचा नेमका अर्थ कोणता, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. 'न्' जाऊन त्याच्या जागी 'म्' येतो असे म्हणायचे आहे, की 'न्' तेथेच असूनही ऐकू येत नाही असे? हे दोन अर्थ अगदी भिन्न आहेत, आणि इंग्रजी भाषणाच्या वर्णनाची गेल्या शतकाहून अधिक काळाची परंपरा या दोहोंतील भेद पुसून पुढे गेली आहे.

या परंपरेचा आरंभ हेन्री स्वीट यांच्यापासून धरणे योग्य होईल. 'हँडबुक ऑफ फोनेटिक्स' (१८७७) आणि त्यानंतरच्या 'प्रायमर ऑफ स्पोकन इंग्लिश' (१८९०) या ग्रंथांत त्यांनी सुशिक्षित लंडनकराची बोली छापील भाषेचा मुलाहिजा न ठेवता लिहून काढली. ज्या 'पिग्मॅलियन'वरून पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' हे नाटक रचले, त्याच्या प्रस्तावनेत शॉ यांनी स्वीट यांच्या तिरसट स्वभावाचे चित्र काढले आहे; मराठी वाचकाला स्वीट यांची ओळख असलीच तर ती बहुधा या आडवाटेने झालेली असते. स्वीट यांनी सुरू केलेले काम युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथील डॅनियल जोन्स यांनी पद्धतशीर केले. १९१७ साली त्यांचा उच्चारकोश आणि १९१८ साली 'अॅन आउटलाइन ऑफ इंग्लिश फोनेटिक्स' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. इंग्रजी उच्चार शिकवणाऱ्या जगभरच्या शिक्षकांवर या दोन पुस्तकांचा जो अधिकार चालला, त्याला तोड सापडणे कठीण आहे.

तो अधिकार सर्वांनी मुकाट्याने मान्य केला असे नव्हे. राजकवी रॉबर्ट ब्रिजेस यांनी १९१९ साली समध्वनी शब्दांवर लिहिलेल्या निबंधात जोन्स यांच्या कोशावर प्रखर टीका केली. आघातहीन अक्षरांतील स्वर एका उदासीन स्वरात विरघळू लागले तर भाषेतील भेद नष्ट होतील, आणि अशा घसरलेल्या उच्चाराची कोशात नोंद करणे म्हणजे त्या घसरणीला मान्यता देणे होय, असा त्यांचा रोख होता. जोन्स यांची भूमिका ठाम होती : कोश नोंद करतो, आज्ञा देत नाही. शास्त्राच्या दृष्टीने जोन्स यांची बाजू निर्विवाद आहे. तथापि ब्रिजेस यांच्या तक्रारीमागे एक समज होता व तो आजही वर्गावर्गांतून ऐकू येतो. ओघातला उच्चार म्हणजे जिभेचा आळस, ही ती समजूत होय.

ही समजूत उदाहरणांपुढे टिकत नाही. आळसाने वर्ण गळतील. नवे येणार नाहीत. परंतु दक्षिण इंग्लंडच्या बोलीत 'आयडिया ऑव्ह' यातील दोन शब्दांच्या मध्ये 'र्' येतो आणि 'आयडिअर् ऑव्ह' असे ऐकू येते. 'लॉ अँड ऑर्डर'चे 'लॉर् अँड ऑर्डर' होते. लिपीत या 'र'चा मागमूस नाही. अठराव्या शतकात त्या बोलीतील शब्दांतीचा 'र्' लोपला, पण पुढे स्वर आला की तो परत येई : 'फार' या शब्दात तो ऐकू येत नाही, 'फार अवे'मध्ये येतो. या जोडीवरून भाषकांनी मनोमन एक नियम बांधला आणि जेथे 'र्' कधीच नव्हता तेथेही तो लागू केला. हा आगम सादृश्याने घडलेला आहे. त्यात बौद्धिक व्यापार आहे, शैथिल्य नाही.

दुर्बल रूपांचेही असेच. 'कॅन' हे साहाय्यक क्रियापद वाक्याच्या मध्ये आघातहीन असता 'कन्' एवढेच उरते. पण 'येस, आय कॅन' या उत्तरात ते वाक्याच्या शेवटी आले की पूर्ण उच्चारावे लागते, आणि कितीही घाईत असलेला इंग्रज तेथे 'कन्' म्हणत नाही. 'टू', 'फॉर', 'अॅट', 'फ्रॉम' या सर्वांना हाच निर्बंध आहे. ज्या शैथिल्याला वाक्यरचनेचे एवढे भान असते त्याला शैथिल्य म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय. सदृशीकरणाच्या बाबतीत तर आणखी एक विलक्षण पक्षपात दिसतो. शब्दांतीचे जे वर्ण पुढच्या वर्णाला शरण जातात ते प्रायः दंतमूलीय असतात, म्हणजे जिभेचे टोक वरच्या दातांमागील उंचवट्याला टेकवून उच्चारलेले ट्, ड्, न्. (देवनागरीत ते 'ट', 'ड' असे लिहिण्याचा प्रघात असला तरी ते मराठीतील मूर्धन्य 'ट'ही नव्हेत आणि दंत्य 'त'ही नव्हेत.) 'दॅट पेन'चे 'दॅप् पेन' होते, पण 'टॉप टेन'चे 'टॉट् टेन' होत नाही, 'ब्लॅक टाय'चे 'ब्लॅट् टाय' होत नाही. ओष्ठ्य व कंठ्य वर्ण आपली जागा सोडत नाहीत. आळस हेच कारण असते तर तो एवढा निवडक का असावा?

आळसाची उपपत्ती बाजूस सारल्यावर जोन्स यांच्या स्वतःच्या उपपत्तीकडे वळता येते, आणि खरी अडचण तेथेच आहे. जोन्स यांनी दोन गोष्टींत मोलाचा भेद केला. 'प्लीज' या शब्दात 'प्'च्या सान्निध्याने 'ल्'चा घोष काही अंशी नाहीसा होतो, पण तो 'ल्'च राहतो. हे एका स्वनिमाच्या पोटातील वैचित्र्य होय. याला त्यांनी निराळे नाव दिले आणि 'सदृशीकरण' ही संज्ञा, जेथे शेजारच्या वर्णाच्या प्रभावाने एका वर्णाच्या जागी दुसराच वर्ण येतो तेवढ्यापुरती राखून ठेवली. त्यातही भाषेच्या इतिहासात घडून गेलेले सदृशीकरण वेगळे आणि दोन शब्द शेजारी आल्याने घडणारे वेगळे, अशी विभागणी त्यांनी केली. 'न्यूजपेपर' हा शब्द 'न्यूस्पेपर' असा उच्चारला जाणे किंवा 'हॉर्सशू'चे 'हॉर्श्शू' होणे ही उदाहरणे या चौकटीत नीट बसतात. विवेचनाची ही शिस्त स्वीट यांच्या ग्रंथांतही एवढी स्पष्ट नाही.

परंतु शिस्तीची किंमतही मोजावी लागली. ध्वनिलेखनात प्रत्येक वर्णाला एक घर असते आणि त्या घरात एकच चिन्ह बसते. 'गुड गर्ल'मधील त्या घरात 'ड्' लिहायचा की 'ग्' एवढाच पर्याय लेखकापुढे उरतो. जिभेचे टोक अर्धवट उचललेले आणि मागचा भाग टाळूला भिडलेला अशी स्थिती असेल तर तिच्यासाठी स्वनिमांच्या यादीत चिन्हच नाही. लिहिताना केलेली ही निवड हळूहळू वस्तुस्थितीचे वर्णन मानली गेली. ए. सी. गिम्सन यांच्या 'अॅन इंट्रोडक्शन टू द प्रोनन्सिएशन ऑफ इंग्लिश' (१९६२) या ग्रंथाने शब्दसीमेवरील विकारांची उदाहरणे विपुल आणि नेमकी दिली. त्या बाबतीत त्याची बरोबरी पूर्वीच्या कोणत्याही ग्रंथाला करता येत नाही. पण त्यांचे ध्वनिलेखनही मूलतः याच घराघरांच्या वहीत झाले आहे. कानाने ऐकायचे आणि चिन्हांनी लिहायचे, या दोनच साधनांवर विसंबलेल्या शास्त्राला यापलीकडे जाणे शक्यही नव्हते.

कानाला जे कळत नाही ते उपकरणांनी दाखवले. कनेक्टिकटमधील हॅस्किन्स प्रयोगशाळेत कॅथरीन ब्राउमन आणि लुई गोल्डस्टीन यांनी जिभेवर व ओठांवर बसवलेल्या सूक्ष्म धातुगोलकांच्या हालचालींची क्ष-किरणांनी टिपलेली नोंद तपासली. १९९० साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या उदाहरणात 'परफेक्ट मेमरी' हे दोन शब्द होते. सुटे सुटे उच्चारले असता 'परफेक्ट'च्या अंतीचा 'ट्' स्पष्ट ऐकू येतो. ओघात उच्चारले असता तो ऐकू येत नाही. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत त्याचा 'लोप' होतो. पण नोंदीत जिभेच्या टोकाची हालचाल जशीच्या तशी होती. टोक दंतमूलाकडे गेले होते, आपले काम करून परतले होते. फरक एवढाच की, त्या आधी जिभेच्या मागच्या भागाने 'क्'साठी केलेला अवरोध अद्याप सुटला नव्हता आणि 'म्'साठी ओठ आधीच मिटले होते. दोन बंद दारांच्या मध्ये 'ट्' उच्चारला गेला. त्याचा आवाज बाहेर कसा येणार? येथे लोप नाही. येथे आच्छादन आहे.

या एका उदाहरणाने पाठ्यपुस्तकातील 'होते' या क्रियापदाचा पाया हलतो. लोप आणि सदृशीकरण यांना दोन वेगळी कारणे शोधावी लागत नाहीत : पुढच्या वर्णाची हालचाल आधीच्या वर्णावर चढली, आणि तिने ती पूर्ण झाकली की लोप वाटतो, झाकताना आपला रंग दिला की सदृशीकरण वाटते. 'टेन पेन्स'मध्ये 'न्'साठी नाक उघडे आहे आणि 'प्'साठी ओठ लवकर मिटले आहेत. मिटलेल्या ओठांमागे नासिक्य ध्वनी म्हणजे कानाला 'म्'. बोलणाऱ्याने 'म्' योजिलेला नसतो.

हे स्पष्टीकरण इतके सुबक आहे की ते सर्वत्र लावण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. केंब्रिजमध्ये फ्रान्सिस नोलन यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कृत्रिम टाळूच्या साहाय्याने दंतमूलीय व कंठ्य वर्णांच्या सीमेची तपासणी झाली. वक्त्याच्या तोंडात बसवलेल्या या पातळ पत्र्यावर विद्युत्स्पर्शबिंदू असतात आणि जीभ कोठे टेकली ते क्षणोक्षणी नोंदले जाते. त्यात पूर्ण स्पर्श, अर्धवट स्पर्श आणि मुळीच स्पर्श नाही, अशा सर्व अवस्था आढळल्या. अर्धवट अवस्था ही आच्छादनाच्या बाजूची साक्ष होय. पण जेथे टोक उचललेच गेले नाही तेथे झाकण्यासाठी खाली काही उरतच नाही. लूसी एलिस आणि विल्यम हार्डकासल यांनी २००२ साली दहा वक्त्यांच्या बोलण्यात 'न्' व 'क्' यांची गाठ तपासली, तेव्हा चित्र आणखी गुंतागुंतीचे निघाले. कोणी वक्ता नेहमी पूर्ण बदल करी, कोणी कधीच करीत नसे, कोणाच्या बोलण्यात मधल्या पायऱ्या दिसत. एकाच भाषेचे, एकाच गतीने बोलणारे दोघे शेजारी बसलेले असावेत, एकाच्या तोंडात आदेश घडावा आणि दुसऱ्याच्या तोंडात आच्छादन, आणि ऐकणाऱ्याला दोहोंत भेद कळू नये, अशी ही स्थिती आहे. उपरोक्त 'र्' आगमाचे तर आच्छादनाने स्पष्टीकरणच होत नाही, कारण झाकलेले काही तेथे मुळात नव्हतेच.

ऐकणाऱ्याचा उल्लेख आला तो केवळ ओघाने नव्हे. जोन्स-गिम्सन परंपरेत श्रोता हा ध्वनिलेखकाच्या कानापुरताच आहे. परंतु वक्त्याने झाकलेले श्रोता उघडून घेतो, हे गॅस्केल आणि मार्स्लेन-विल्सन यांच्या १९९६ मधील प्रयोगांनी दाखवले. 'विकेड' या शब्दाच्या जागी 'विकिब' असे ऐकवले आणि पुढचा शब्द 'प्रँक' असला, तर श्रोत्याच्या मनात 'विकेड' शब्द विनाअडथळा जागा होतो, कारण 'प्'च्या आधी 'ड्'चा 'ब्' ऐकू येणे स्वाभाविक आहे. पुढचा शब्द 'गेम' असला की तोच 'विकिब' अडखळवतो. श्रोता पुढील वर्णाच्या आधारे मागील वर्णाचा न्याय करतो. आणि हा न्याय कधी चुकला, झाकलेला 'न्' खरोखरच 'म्' आहे असे नव्या पिढीने धरले, तर भाषेत कायमचा बदल होतो. जॉन ओहाला यांनी १९८१ साली मांडलेला विचार नेमका हाच : वर्णविकाराचा उगम वक्त्याच्या जिभेत शोधण्यापेक्षा श्रोत्याच्या कानात शोधावा. 'कपबोर्ड' हा शब्द आज 'कबर्ड' असाच आहे. त्यातील 'प्' कोणत्याही संथ उच्चारात परत येत नाही. 'हँकरचिफ'मध्ये 'ड्' नाही. 'नेचर', 'सोल्जर' या शब्दांतील 'च्' व 'ज्' हे एके काळी 'ट्+य्' आणि 'ड्+य्' होते हे आज लिपीवरूनच कळते. एके काळचे आच्छादन येथे आदेश होऊन बसले आहे.

या दोन अवस्थांतील सीमा किती स्पष्ट असते याचा उत्तम पुरावा एलिझाबेथ झिगा यांच्या १९९५ मधील अभ्यासात मिळतो. 'प्रेशर' या शब्दात आणि 'प्रेस युअर' या शब्दद्वयात कानाला 'श्' सारखाच वाटतो. पण कृत्रिम टाळूवरील नोंदीत 'प्रेशर'मधील 'श्' हा आरंभापासून अखेरपर्यंत 'श्'च असतो, तर 'प्रेस युअर'मध्ये जीभ आरंभी 'स्'च्या स्थानाजवळ असून पुढे 'य्'च्या दिशेने सरकत जाते. शब्दाच्या आतला विकार पूर्ण आदेश आहे आणि शब्दसीमेवरचा विकार चालू घडामोड आहे. जोन्स यांनी ऐतिहासिक आणि सान्निध्यजन्य सदृशीकरण असा जो भेद केला होता तो कालक्रमाचा म्हणून केला होता. तो घटनेच्या स्वरूपाचाही भेद आहे हे त्यांना दिसू शकले नाही. एवढ्यापुरते मात्र म्हटले पाहिजे की, त्यांनी रेघ योग्य जागी ओढली होती.

मराठीतून या विषयाचे विवेचन करताना 'संधी' हा शब्द आपोआप पुढे येतो, आणि त्यात वावगे काही नाही. ब्लूमफील्ड यांनी १९३३ साली आपल्या 'लँग्वेज' या ग्रंथात हीच संस्कृत संज्ञा इंग्रजीच्या वर्णनासाठी स्वीकारली होती. तथापि मराठी विद्यार्थ्याच्या मनात संधी म्हणजे शालेय व्याकरणातला संधी असतो : हे अधिक ते बरोबर अमुक. स्थानी गेला, आदेश आला. घराघरांची वही आणि ही बेरीज यांची जात एकच असल्याने जोन्स यांचे 'जागी येणे' मराठी वर्गात विनातक्रार रुजले. लिखित संस्कृतात संधीचा परिणाम अक्षरात दिसतो, इंग्रजीत लिपी त्याची दादही घेत नाही, हा भेदही मग विसरला जातो.

याचा दोष प्राचीनांकडे मात्र जात नाही. पाणिनीने पदाच्या आत अनुस्वाराचा परसवर्ण नित्य सांगितला आणि पदाच्या अंती तो विकल्पाने सांगितला. 'अङ्क'ला पर्याय नाही. 'किं करोमि' आणि 'किङ्करोमि' ही दोन्ही साधू आहेत. इंग्रजीत 'इंक', 'थँक' या शब्दांतील अनुनासिक कंठ्यच असते, 'टेन कप्स'मध्ये ते कंठ्य होईल किंवा होणारही नाही. नियमाची ही वाटणी पाणिनीच्या वाटणीशी किती जुळते हे सांगण्याची आवश्यकता नाही. याहून महत्त्वाची गोष्ट प्रातिशाख्यांत आहे. व्यंजनापुढे व्यंजन आले असता पहिल्याचा उच्चार दबलेला, क्षीण, श्वास व नाद यांत उणा होतो, याला तेथे 'अभिनिधान' अशी संज्ञा आहे. वर्ण गेला असे तेथे म्हटलेले नाही, दुसरा आला असेही नाही. तो आहे, पण दाबून धरलेला आहे. डब्ल्यू. एस. अॅलन यांनी 'फोनेटिक्स इन एन्शंट इंडिया' (१९५३) या ग्रंथात या संज्ञेकडे पाश्चात्त्य अभ्यासकांचे लक्ष वेधले होते. 'परफेक्ट मेमरी'तील 'ट्'ला मराठीत नाव द्यायचे झाल्यास 'लोप' हे नाव चुकीचे ठरेल आणि 'अभिनिधान' हे बरेचसे बरोबर ठरेल. शालेय व्याकरणाने पाणिनीकडून आदेश उचलला आणि प्रातिशाख्यांतील ही सूक्ष्म संज्ञा मागे राहिली. मराठीतून इंग्रजी ध्वनिविचार शिकवणाऱ्याने ती पुन्हा वापरात आणावी हे इष्ट होय. नवी संज्ञा घडवण्याच्या खटाटोपापेक्षा हा मार्ग सोपाही आहे.

संज्ञेचा हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. भारतीय इंग्रजीत आघातहीन स्वर पूर्ण उच्चारण्याकडे कल असतो आणि दुर्बल रूपे कमी वापरली जातात, हे आर. के. बन्सल यांच्या १९६९ मधील सुबोधतेच्या अभ्यासापासून वारंवार नोंदले गेले आहे. असा विद्यार्थी स्वतः बोलताना 'टेन पेन्स' स्वच्छ म्हणतो आणि इंग्रजाचे 'टेम् पेन्स' ऐकून बुचकळ्यात पडतो. त्याला 'न्'चा 'म्' होतो असा नियम दिला की तो प्रयत्नपूर्वक 'टेम्' असा पूर्ण 'म्' उच्चारू लागतो आणि त्यानंतर क्षणभर थांबून 'पेन्स' म्हणतो. ओघ नाही आणि तरीही विकार आहे, असे हे विचित्र इंग्रजी कोणत्याही इंग्रजाच्या तोंडी नसते. त्याला शब्द जवळ आणायला शिकवले असते, तर 'म्' न शिकवताही ऐकू आला असता. ऐकण्याच्या बाबतीत गोष्ट उलट आहे : तेथे त्याला 'म्'मागचा 'न्' शोधण्याचा सराव हवा, आणि तो याद्यांनी होत नाही, पुष्कळ ऐकण्याने होतो. मराठीत 'येतो आहे' आणि 'येतोय' यांतील नाते त्याला कोणी शिकवलेले नसते.

राहता राहिला परीक्षेचा प्रश्न. ध्वनिलेखनाच्या प्रश्नात 'टेन कप्स' या शब्दांसाठी एखाद्याने 'न्' लिहिला आणि दुसऱ्याने कंठ्य अनुनासिक लिहिले, तर आजवर बहुधा एकालाच गुण मिळत आले आहेत. दोन्ही उत्तरे ग्राह्य धरणे क्रमप्राप्त आहे. 'इंक' या शब्दात मात्र 'न्' लिहिणाऱ्याचा गुण कापावा.